नोंदवहीतली सही

प्रशिक्षण केंद्र,
१३ सप्टेंबर १९६७

ती. सौ. सुनंदामावशीस,
अविनाशचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी नानखटाई पोचली. डबा मी उघडला, संपवला मित्रांनी.

गेल्या आठवड्यात उतरताना माझे विमान तीनदा उसळले. आमच्या साहेबांनी आरडाओरडा न करता वेगळीच शिक्षा दिली. म्हणाले, या हार्वर्ड विमानाची पहिली नोंदवही हाताने उतरवून काढ, म्हणजे कोणाच्या पाठीवर आपटतोस ते कळेल. चार संध्याकाळी बसलो होतो. मावशी, हे विमान माझ्याहून मोठे आहे गं! १९४३ साली पेट्यांत भरून बोटीने आले, इथे जोडले गेले, लढाईवर जाणाऱ्या पोरांना शिकवत राहिले. दोनदा पोटावर उतरले, एकदा उजवा पंख बदलला. लढाई संपल्यावर वर्षभर उघड्यावर पडून होते. वही तिथेच संपते.

आता गंमत. फेब्रुवारी १९४४ च्या पानावर, शेपटीच्या तपासणीखाली सही आहे : एस. डी. नगरकर, फिटर. लढाईच्या काळात विमानांवर काम करायचे ते आपले काकाच ना हे? त्यांना अवश्य सांग.

तीस तारखेला याच विमानातून एकट्याने गिरकीची परीक्षा. नाक खाली करून गरगरत पडायचे आणि पायाने सुकाणू उलटे दाबून बाहेर यायचे. जमले तर वैमानिक, नाहीतर तुझ्याकडे सुरतेला कापडगिरणीत.

काकांना नमस्कार. माझ्यावर रागावत राहा, पण लिहीत राहा.

तुझा,
अविनाश

---

सुरत,
१८ सप्टेंबर १९६७

चि. अविनाश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सकाळी तुला तार केली आहे. ती मिळाली असेल तर हे पत्र स्वस्थ बसून वाच. मिळाली नसेल तर आधी ऐक : त्या विमानात बसू नकोस.

तुझे पत्र मी चहाच्या वेळी मोठ्याने वाचत होते. सहीपाशी आले तेव्हा वाटले, स्वारी खूश होणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि पेटीतली हत्यारे काढून मोजायला बसले. रोज संध्याकाळी ते तीनदा मोजतात हे तू पाहिले आहेस. गिरणीतली मुले काम उरकताना 'काका, चालशे', म्हणजे चालेल, असे म्हणाली की हे किती संतापतात, त्याची नक्कल तर तूच करतोस. मीही आजवर थट्टाच केली रे.

लग्नानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला मी त्यांना एक स्क्रू-ड्रायव्हर दिला होता. लाकडी मुठीचा. मुठीला लाल दोरा मी बांधला होता, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या विणकामाच्या गाठीने. विमानावर सरकारी हत्याराशिवाय काही न्यायचे नाही असा नियम होता. यांनी तो नेला, मी दिला म्हणून. शेपटीचे काम संपल्यावर सरकारी हत्यारे मोजली, बरोबर भरली, यांनी सही केली. संध्याकाळी खिशात हात घातला तर माझा स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. विमान दुपारीच दुसऱ्या तळावर गेले होते. बोलले असते तर नोकरी गेली असती. ते गप्प राहिले. तेवीस वर्षे, माझ्याशीसुद्धा. आता कुठे सांगितले.

दर खंडेनवमीला ते पाटावर हत्यारे मांडतात आणि मध्ये चार बोटे जागा रिकामी सोडतात. मला वाटायचे ती फुलांसाठी.

म्हणतात, तो शेपटीत असेल तर गिरकीत घरंगळून सुकाणू अडवील. सोबत त्यांनी सहीनिशी सगळे लिहून दिले आहे. साहेबांना दे.

जिवाला जप. उलट टपाली दोन ओळी धाड.

तुझी,
मावशी

---

प्रशिक्षण केंद्र,
२२ सप्टेंबर १९६७

ती. सौ. मावशीस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझी तार मला अठराच्या संध्याकाळी मिळाली. सकाळी मी त्याच विमानातून उडून आलो होतो. एका वळणावर डावा पाय दाबला तर सुकाणू क्षणभर अडले, मग सुटले. साहेब म्हणाले, तुझा पायच भित्रा आहे.

तेव्हापासून ते विमान मी टाळतो आहे, आणि काकांचा कागद माझ्या ट्रंकेत आहे. कालच तो द्यायला गेलो आणि दारातून परतलो. परीक्षा आठ दिवसांवर असताना असा कागद नेला तर सगळे म्हणतील, घाबरला आणि घरून चिठ्ठी आणली. आणि काकांचे काय? त्यांनी तेवीस वर्षे झाकलेले मी साहेबांच्या टेबलावर उघडे करू? पोट दुखते सांगून विमान बदलून घेता येईल. पण मग ते प्रकाशला देतील. तो माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो. त्याला अजून काही माहीत नाही.

काकांना विचारून लगेच कळव. त्यांचा शब्द आल्याशिवाय माझा हात धजत नाही.

तुझा,
अविनाश

---

सुरत,
२५ सप्टेंबर १९६७

चि. अविनाश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हे एवढेच म्हणाले : त्या संध्याकाळी मीही दारातून परतलो होतो. पोराला सांग, त्याने परतू नये.

लोक हसतील तर हसू देत. यांच्या अब्रूपायी प्रकाशच्या आईला तार जायला नको. हे पत्र हातात पडताच कागद दे. मी देवापाशी बसले आहे, हे पायरीवर. पोस्टमनची वाट दोघेही पाहतो आहोत.

मावशी

---

प्रशिक्षण केंद्र,
१ ऑक्टोबर १९६७

ती. सौ. मावशी आणि ती. काकांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी सुखरूप आहे, प्रकाशही.

अठ्ठावीसला कागद दिला. साहेबांनी दोनदा वाचला आणि विमान बंद करायला लावले. दुसऱ्या दिवशी शेपटीचे पत्रे काढले. बॅटरी आणि आरसा घेऊन तीन तास शोधले. स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. हँगरमध्ये कोणीतरी हसले. मावशी, जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले.

तेवढ्यात हिलाल नावाचे जुने फिटर दुसरी नोंदवही घेऊन आले. हे धुळ्याकडचे, माझ्याशी घरच्यासारखे अहिराणीत बोलतात. त्यांनी मे १९५१ च्या मोठ्या दुरुस्तीचे पान काढले. त्यावर नोंद आहे : शेपटीत एक स्क्रू-ड्रायव्हर मिळाला, लाकडी मूठ, लाल दोरा, साठ्यातला नव्हे. म्हणजे काका, तो सोळा वर्षांपूर्वीच निघाला आहे!

पत्रे पुन्हा बसवण्याआधी हिलालदादांनी शेवटचा एकदा आरसा फिरवला आणि थांबले. सुकाणूची केबल कप्पीवरून वळते तिथे बहुतेक पीळ तुटले होते. जेमतेम थोड्या धाग्यांवर ती धरून होती. बाहेरून ते दिसत नाही. परीक्षेत पूर्ण जोराने पाय दाबला असता तर केबल तुटलीच असती, असे साहेब म्हणाले. मग म्हणाले, तुझ्या पायाबद्दल जे बोललो ते विसर.

काल दुसऱ्या विमानातून परीक्षा दिली. पास.

काकांचा कागद साहेबांनी नोंदवहीतच ठेवला. म्हणाले, तोही या विमानाचा इतिहास आहे. नगरकरांना कळव, फेब्रुवारीतली तपासणी आता पूर्ण झाली.

तुमचा,
अविनाश

---

सुरत,
विजयादशमी, १९६७

चि. अविनाश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र यांनी उभ्यानेच ऐकले. एक्कावन्न सालची ओळ मला तीनदा वाचायला लावली. मला वाटले, आता हसतील. पण म्हणाले, सोळा वर्षे मी उगाच भीत होतो, एकदा विचारले असते तरी कळले असते. मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले. मी हाक मारली नाही.

काल खंडेनवमी. मी चौकातून नवा स्क्रू-ड्रायव्हर आणला. लाल दोरा बांधावा की नाही, याच विचारात सकाळ गेली. शेवटी तीच जुनी गाठ मारली आणि भीतभीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, हत्यारांच्या यादीची वही मागितली. आधी त्याची नोंद केली, खाली सही केली, मग तो पाटावरच्या रिकाम्या जागी ठेवला. दोरा राहू दे म्हणाले, लांबून दिसतो.

पाकिटात आपट्याचे पान आहे, ते हिलालदादांना आमच्याकडून सोने म्हणून दे. तुला वेगळे नाही. तू आलास की हातात देईन.

आणि एक सांगायचे राहिले. काल संध्याकाळी त्यांनी हत्यारे मोजली. एकदाच मोजली, आणि पेटी मिटली.

माया आहेच, तीही मोजायची नाही.

तुझी,
मावशी