ढब्बू सरांचा सूड

४ ऑक्टोबर
ताईची मुलगी आमच्याकडे राहून शिकते. आज सकाळपासून एक पुस्तक वाचून पोट धरून हसतेय. ‘पानगळ क्लब’. ग्राफिक नॉव्हेल म्हणे. चार पोरं, एक शाळा, सगळीकडे वाळकी पानं आणि ढब्बू सर नावाचे ड्रॉइंगचे मास्तर. मफलर, सुटलेलं पोट, तोंडी सारखं एकच वाक्य: “रेषा म्हणजे तपस्या!”
भाची म्हणाली, मामा, हा तर सेम तू! वाक्यसुद्धा तुझंच!
लेखकाचं नाव बघितलं. लुकड्या! आर्ट कॉलेजात तीन वर्षं माझ्या शेजारी बसायचा. माझं खोडरबर अजून त्याच्याकडेच आहे.
सोडणार नाही.

५ ऑक्टोबर
वर्गात शिरलो तर फळ्यावर ढब्बू. मफलरसकट. कुणी काढलं विचारलं, तर अख्खा वर्ग पुस्तकात तोंड खुपसून बसला. पुस्तक कुठलं? तेच!
निश्चय: मीही ग्राफिक नॉव्हेल काढणार. खलनायक लुकड्या. दोनशे पानं, महिनाअखेर बाजारात. वाचून ढसाढसा रडेल.

९ ऑक्टोबर
पान पहिलं. लुकड्याचं नाक जमत नाहीये. दोष कागदाचा. भारीतला कागद आणला.

१२ ऑक्टोबर
अजून पान पहिलंच, पण काय पान! भाचीला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, घोडा मस्त आलाय, पण त्याला चष्मा का?
पोरीला कलेतलं ओ की ठो कळत नाही.
दोनशे पानांचा बेत तूर्त स्थगित. सूड कसा, ताजा ताजा हवा.

१४ ऑक्टोबर, दुपारी
वाचनालयात ‘शरदातलं हलकंफुलकं वाचन’ असं टेबल मांडलंय. मधोमध लुकड्याच्या सहा प्रती. ग्रंथपालबाईंची पाठ वळताच सगळ्या उचलल्या आणि शब्दकोशांच्या मागे कोंबल्या. कोण हात लावतंय आता! वाघासारखा बाहेर पडलो.

१६ ऑक्टोबर
बाईंचा फोन. त्यांनी पाहिलं होतं! पण ओरडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, वर्गातल्या मुलांसाठी प्रती राखून ठेवल्यात ना? असे शिक्षक हल्ली कुठे मिळतात! आणि म्हणाल्या, वीस तारखेला लेखक येणार आहेत, जरा मदतीला याल?
लगेच हो म्हटलं. शत्रू स्वतःच्या पायांनी चालत येतोय.
भाषण लिहिलं. शेवट: “लुकड्या, आरशात बघ!” आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं. अंगावर काटा आला.

२० ऑक्टोबर, सकाळी
मफलर मुद्दाम घातलाय. बळी कोण ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. आज एक तर तो, नाहीतर मी.

२० ऑक्टोबर, संध्याकाळी
भाचीला घेऊन लवकर पोचलो. बाई म्हणाल्या, खुर्च्या कमी पडतायत, मागच्या खोलीतून आणता का? आणल्या. घामाघूम झालो, मफलर काढून ठेवावा लागला.
लुकड्या आला. चांगला गरगरीत झालाय.
एका मुलीने विचारलं, ढब्बू सर खरे आहेत का? मी सरसावलो. हात खिशातल्या भाषणावर. लुकड्या म्हणाला, “ते माझे बाबा. ड्रॉइंग मास्तर होते. ‘रेषा म्हणजे तपस्या’ ऐकून आम्ही घरात वैतागायचो. कॉलेजात मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो. मागच्या वर्षी गेले. आता घरात कुणी ते म्हणत नाही.”
भाची डोळे पुसत होती. मीही नाक शिंकरलं. मफलर काढल्याने सर्दी झाली असणार.
म्हणजे ते वाक्य मी लुकड्याकडून उचललं? छे! थोरांना एकच विचार सुचतो.
भाषण रद्द केलं. दुखवट्यातल्या माणसावर वार करणं आपल्या रक्तात नाही. मग भाचीची प्रत घेऊन सहीच्या रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. म्हटलं, आता दचकेल, “अरे, तू!” म्हणेल, मिठी मारेल, आणि मी मोठ्या मनाने माफ करीन. त्याने माझ्याकडे पाहिलं. फार गोड हसला. काहीतरी लिहिलं आणि मागच्या पोराला पुढे बोलावलं.
घरी येऊन उघडून पाहिलं.
‘खुर्च्या लावणाऱ्या काकांना, सप्रेम.’
काका! माझ्याहून वर्षाने मोठा आहे तो.