सतरा मार्गांची उजळणी

३ मे, रविवार. स्लाऊ.
घरात माझ्यासोबत राहणाऱ्या आश्लेषाला लेस्टरच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. महिनाअखेरीस ती घर सोडणार. मी तिचे अभिनंदन केले आणि स्वयंपाकघरात जाऊन एकच कप दोनदा धुतला.
या देशात मला अकरा महिने झाले. ऑफिसबाहेर मी जिच्याशी बोलते अशी व्यक्ती एकच, आणि ती लेस्टरला चालली आहे. सेल्फ-चेकआउटचे यंत्र धरल्यास दोन.
निश्चय: ती जाण्यापूर्वी मित्रपरिवार निर्माण करणे. मुदत: ३१ मे. साधन: गिर्यारोहण क्लब. डोंगर चढताना दम लागतो, त्यामुळे संभाषणाची अपेक्षा कमी असावी.

४ मे, बँक हॉलिडे.
योग्य क्लब सापडला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रेवेन टार्नच्या काठी त्यांची स्वतःची दगडी हट, म्हणजे मुक्कामाचे घर, आहे. टार्न म्हणजे हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेले तळे. त्याच्याभोवती चढाईचे सतरा मार्ग आहेत. त्यांचे एकशे चव्वेचाळीस पानांचे गाइडबुक मागवले. भूगोलात मी केंद्रात पहिली होते. चिंता नाही.

९ मे, शनिवार.
गाइडबुकच्या तीन उजळण्या पूर्ण. सतराही मार्ग मुखोद्गत. पार्सन्स गली ही घळ ओली असताना टाळावी. आँट्स स्टेअरकेस नवशिक्यांना अनुकूल. लाँग रिज या डोंगरधारेवर एकच अडचण, बुचर्स स्टेप नावाची बारा फुटी पायरी. 'हाताला धरायला खाचा मुबलक', पृष्ठ ४१.
सभासदत्वाचा अर्ज भरला. त्यात अनुभवाचा तक्ता होता: मार्ग, श्रेणी, तारीख. सतराही ओळी भरल्या. तारखेच्या रकान्यात तिसऱ्या उजळणीची तारीख लिहिली. पहिल्या उजळणीची लिहिणे अप्रामाणिकपणाचे झाले असते.
अर्ज पाठवल्यावर आश्लेषाला दाखवला. ती म्हणाली, "अगं ए शहाणे, कुठले डोंगर चढलीस ते विचारलंय त्यांनी!" मी तिला समजावले की चढणाऱ्याला फक्त नाकासमोरचा दगड दिसतो, अभ्यास करणाऱ्याला सबंध डोंगर दिसतो. ती "बरं बाई" म्हणून खोकी बांधायला गेली. पटले असावे.

१३ मे, बुधवार.
क्लबच्या सहलींची व्यवस्था ब्रेंडा नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या बाई पाहतात. त्यांची ईमेल आली. माझी यादी पाहून त्या थक्क झाल्या म्हणे. ६ जूनला हटवर सहल आहे. दोन नवशिके येणार आहेत, क्रॉयडनचा जय आणि त्याची आई मंजिरी. त्यांना लाँग रिजवरून मी न्यावे अशी ब्रेंडांची विनंती. 'तुझ्यासारखीला हे म्हणजे नुसते फिरणेच!'
अभ्यासाची इतकी त्वरित कदर या देशात प्रथमच झाली.
पुन्हा वाचली. लाँग रिजचे पान पुन्हा उघडले. केवळ खात्रीसाठी.
खुलाशाची ईमेल उद्या सकाळी.

१४ मे.
खुलाशाचे चार मसुदे केले. पहिला फार लांब. दुसरा फार तुटक. तिसऱ्यात 'वस्तुतः' हा शब्द पाच वेळा आला. चौथा उत्तम होता, परंतु तोवर ऑफिसची वेळ झाली. संध्याकाळी पाठवेन.

१५ मे.
शुक्रवारी संध्याकाळी अशा ईमेल पाठवू नयेत. लोकांचा वीकेंड बिघडतो.

१७ मे, रविवार.
बूट घेतले. दुकानात बूट पारखण्यासाठी खोट्या दगडांचा एक उतार केलेला आहे. उंची सुमारे दोन फूट. चढले. उतरताना विक्रेत्याचा हात धरावा लागला. कारण: बूट नवीन.
निश्चय: रोज पहाटे साडेपाचला उठून पाठीवर ओझे घेऊन सराव.

२० मे, बुधवार.
सराव सुरू. सव्वाआठला. स्लाऊमध्ये चढ नाही, हा शहराचा दोष. म्हणून बहुमजली कार पार्कचे जिने निवडले. ओझ्यासाठी सॅकमध्ये पुस्तके भरली. चौथ्या मजल्यावर थांबून त्यांपैकी एक उघडले. ऑफिसला उशीर झाला. पुढील वेळी कंटाळवाणी पुस्तके नेणे.

२३ मे, शनिवार.
फोन वाजला. अनोळखी नंबर, म्हणून नियमानुसार वाजू दिला. पुन्हा वाजला. जय होता. फिजिओथेरपिस्ट आहे, जन्म क्रॉयडनचा, मराठीही क्रॉयडनचीच. म्हणाला, "तू आमचा लीडर आहे ना? मम्मी रेडी झाला! आधी कधी येत नव्हता, हाइट्सला खूप घाबरतो. तू मराठी आहे म्हणून येतो बोलला."
आता खुलासा करायचाच, असे ठरवून मी घसा साफ केला. तेवढ्यात फोन मंजिरीकाकूंनी घेतला. "हे बघ बाळा, तीस वर्षं झाली मला इथे येऊन. हा पोरगा लाख वेळा म्हणाला, मी कधी गेले नाही. माझा गुडघा आणि मी, दोघंही भित्रे. पण म्हटलं, आपली मुलगी नेतेय तर कसली भीती! तू अगदी सतरा वेगवेगळ्या वाटा चढलीयस ना?"
मी म्हणाले, "काळजी करू नका काकू."
आवाज अनपेक्षितपणे ठाम आला. नेतृत्वगुण असावेत.

३१ मे, रविवार.
आश्लेषा गेली. व्हॅनमध्ये शेवटची खोकी चढवताना म्हणाली, "सांगून टाक गं. चार दिवस हसतील, विसरतील. पण त्या काकू पडल्या म्हणजे?" मी म्हणाले, खुलासा केला तर क्लब मला घेणार नाही. ती म्हणाली, "मग नाही घेणार!" तिला लेस्टरमध्ये दोन मावसबहिणी आहेत, तिला असे म्हणणे सोपे आहे.
घर फार नीटनेटके दिसते आहे.
मित्रपरिवाराची मुदत आज संपली. निष्पत्ती: शून्य. मुदतवाढ: ६ जून.
खुलासा प्रवासात करणे. गाडीत माणसे उठून जाऊ शकत नाहीत.

५ जून, शुक्रवार. संध्याकाळी ७. ग्रेवेन टार्न हट.
जयने स्लाऊहून मला घेतले. काकू पुढच्या सीटवर. पाच तासांहून अधिक प्रवास. मोटरवेवर टायरांचा आवाज फार येतो. खुलाशास योग्य वातावरण नव्हते. चहापाण्यासाठी सर्व्हिस स्टेशनवर थांबलो, तर तिथे रांग होती.
तळे पुस्तकातल्या आकृतीप्रमाणेच आहे, फक्त ओले. हटच्या माळ्यावर एकच लांब लाकडी फलाट, त्यावर अकरा गाद्या शेजारी शेजारी. काकू म्हणाल्या, "लग्नघरच की हे!"
एक चूक झाली. कोणाला त्रास नको म्हणून मी कोपऱ्यात गुपचूप एक कप चहा केला. सगळ्यांनी वळून पाहिले. ब्रेंडांनी विचारले, "एकच का गं, राणी?" या हटची रीत अशी की ज्याला चहाची तल्लफ येईल त्याने प्रत्येकाला विचारायचे आणि सर्वांचा करायचा. हे गाइडबुकच्या कोणत्याही पानावर नाही. काकूंनी किटली माझ्या हातून घेतली, आले किसले आणि "हू वॉन्ट्स?" म्हणत खोलीभर फिरल्या. दहा मिनिटांत त्यांना खोलीतल्या सर्वांची नावे, दुखणी आणि नातवंडे ठाऊक झाली. मी या कामाला तीन महिने नेमून ठेवले होते.
खुलासा सकाळी. ताज्या मनाने.

६ जून, शनिवार. सकाळी ७.१०
आकाश निरभ्र. हवामान खात्याने पाऊस सांगितला होता. या देशात कशावर विसंबावे?
ब्रेंडांना सांगायला गेले होते. त्या दात घासत होत्या.
काकूंनी गुडघ्याला पट्टा बांधला आहे. मला दाखवून म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर हं!"

६ जून. संध्याकाळी ६
क्रमाने लिहिते.
पहिला तास सरळ पायवाट होती. मी हिमनदीची कार्यपद्धती समजावून सांगितली. जय दोनदा "ओ वॉव" म्हणाला. काकू मागून विचारत, "पुढे काय आहे गं?" आणि मी न पाहता सांगत असे. वळण, कुंपण, पांढऱ्या दगडाचा पट्टा. प्रत्येक वेळी ते येई. काकू म्हणाल्या, "पोरीला अगदी पाठ आहे डोंगर!" असा आनंद मला निकालाच्या दिवसानंतर झाला नव्हता.
दहा पंचवीसला बुचर्स स्टेप आली. बारा फूट, खाचा मुबलक. सर्व खरे. फक्त डाव्या बाजूला काही नव्हते. खूप खाली तळे होते, ताटाएवढे. ते तिथून दिसते, असे पृष्ठ ४१ वर लिहिलेले नाही.
प्रथम चढून दाखवणे माझे कर्तव्य होते. सहा फूट गेले. मग खाली पाहिले. मी खडकाला मिठी मारली. वर जाता येईना, खाली येता येईना. जय खालून म्हणाला, "फोटो काढू का?" त्याला ते प्रात्यक्षिक वाटले.
काकूंना कळले. त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाळा, हे तू किती वेळा चढलीयस?"
मी म्हणाले, "तीन वेळा."
वारा वाहत होता.
मी म्हणाले, "वाचलंय, काकू. तीन वेळा वाचलंय."
जयने फोन खिशात ठेवला. मग काकू म्हणाल्या, "जय, तिचा डावा पाय धर. आधी डावा." जयने माझा एकेक पाय हातात धरून एकेका खाचेत ठेवला. रुग्णांना सवय असेल; मला लाज वाटली. तिथून परत उतरताना अवघड जागी काकू बसून घसरत आल्या. एका हाताने त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला होता. कोणी कोणाला धरले होते हे मी अद्याप ठरवलेले नाही.
गवतावर आल्यावर त्या बोलल्या. "नुसती घाबरली असतीस तर चाललं असतं गं. फसवलंस. तीस वर्षांत एकदा कुणाच्या भरवशावर निघाले, तर हे!" आणि त्या पुढे निघून गेल्या. जय म्हणाला, "मम्मी खूप रागावला आहे." हे मलाही कळले होते.
हटमध्ये ब्रेंडांना मी स्वतः सांगितले. सबंध खोली ओलांडून, बाकीच्यांसमोर. त्यांनी विचारले, "मग त्या तारखा कसल्या होत्या?" मी म्हणाले, उजळणीच्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोपऱ्यातल्या एका गृहस्थाला सूप पिताना ठसका लागला.

७ जून, रविवार. स्लाऊ.
परतीचा प्रवास. काकू पाच तास एक शब्द बोलल्या नाहीत. बर्मिंगहॅमच्या सुमारास, मान न वळवता, खांद्यावरून एक दशमी मागे दिली. मी याची नोंद प्रगती म्हणून करत आहे.

१२ जून, शुक्रवार.
क्लबचे उत्तर आले. सभासदत्व नाकारले. काही मार्ग चढून झाले की पुढील वर्षी जरूर अर्ज करावा. समितीने माझा अर्ज मोठ्याने वाचला आणि एकमताने कौतुक केले, असेही लिहिले आहे. कौतुक कशाचे, ते नाही.
विचारांती दोष गाइडबुकचा आहे. तळे दिसते, ही गोष्ट वाचकापासून लपवली. प्रकाशकांना सात मुद्द्यांचे पत्र लिहिले.
काकूंनाही लिहिले. तीन पाने. मुद्दे घालता आले नाहीत.
प्रकाशकांचे पत्र फाडले. काकूंचे पोस्टात टाकले.

१८ जून, गुरुवार.
अनोळखी नंबर नव्हता. तरीही दोन वेळा वाजू दिला, मग उचलला. मंजिरीकाकू. "तीन पानं! अगं, माफी मागायला एवढं कुणी लिहितं? चहा गार झाला माझा." मग थोडे थांबून, "राग अजून आहे, सांगून ठेवते. रविवारी दहाला ये. सपाट आहे सगळं. घाबरायचं काम नाही."

२१ जून, रविवार. क्रॉयडन.
काकूंचे फिरायला जाणारे मंडळ. सात बायका, सर्व साठीच्या आसपास. पार्कला तीन फेऱ्या. काकूंनी ओळख करून दिली: "ही ती." अधिक तपशिलाची गरज पडली नाही. त्या पुष्कळ वेळ हसल्या. सुचेतामावशी म्हणून एक आहेत, त्यांना तर बाकावर बसावे लागले.
पहिल्याच वळणावर त्यांनी मला विचारले, "काय लीडरबाई, डावीकडे की उजवीकडे?" सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या.
मी म्हणाले, "मला माहीत नाही."
हे वाक्य मी याआधी मोठ्याने कधी म्हटले होते ते आठवत नाही.  त्या डावीकडे वळल्या. मीही वळले.
दुसऱ्या फेरीपासून मी मागे पडू लागले. तिसऱ्या फेरीत मंजिरीकाकू, गुडघ्याच्या पट्ट्यासह, माझ्यापेक्षा दोन बाके पुढे होत्या. मागे वळून ओरडल्या, "चल गं! की उचलून आणू आम्ही?"
आठांत आठवी आले. त्याची कारणे लिहायला घेतली होती: बूट, ऊन, रस्त्यावरची खडी. सगळी खोडली. दमले होते.