बाराव्या महिन्याचा पुरावा

१२ फेब्रुवारी

वीजकेंद्र मार्चअखेर बंद! जाहीर झालं एकदाचं. सभागृहात आम्हा पत्रकारांना पडद्यावर सूर्य उगवताना दाखवला, संगीतासकट. राखेच्या माळावर सौरपट्ट्या पसरणार.

सूर्याशी माझं भांडण नाही. धाकटी बहीण केंद्राच्या भिंतीला लागून राहते. तिच्या दोरीवर पांढरा कपडा मी वीस वर्षांत पांढरा पाहिलेला नाही. धुराडं थंड झालेलं मला हवंच आहे.

पण प्रसिद्धिपत्रक! 'एकही कामगार वाऱ्यावर सोडला जाणार नाही. सर्व ३१२ कामगारांना सौरप्रकल्पात प्रशिक्षण व नोकरी.' तीनशे बारा? सकाळच्या पाळीला फाटकातून आत शिरणारी माणसं हजाराच्या घरात असतात. बाकीची काय भुतं आहेत? जनसंपर्क अधिकाऱ्याला विचारलं. (मनातल्या मनात मी त्याला प्रियंवद म्हणतो.) तो गोड हसला. "साहेब, ते कंत्राटी." जणू एखाद्या आजाराचं नाव घ्यावं तसं.

१४ फेब्रुवारी

धाकटीकडे गेलो. मेहुणे एकवीस वर्षं बेल्टवर आहेत — कोळसा भट्टीपर्यंत नेणारा तो लांबलचक पट्टा. यादीत नाव नाही. कारण काय, तर 'सलग बारा महिने काम केल्याचा पुरावा नाही'.

कुठून असणार! कंत्राटदार अकरा महिने झाले की पास काढून घेतो. बारावा महिना माणूस कागदावर घरी. तो सरला की नवा पास, नवा माणूस! आमच्या पंचांगात क्षयमास, म्हणजे गळलेला महिना, क्वचित कधीतरी येतो. कंत्राटदाराच्या पंचांगात दरवर्षी.

"त्या महिन्यात तुम्ही घरी बसायचात?"

"बसतोय कुठला! बेल्ट थांबतो का, दादा? मागच्या फाटकाने जायचं, बिनपासाचं."

धाकटी आतून म्हणाली, "महिनाभर घरी बसले असते तर मीच हाकलून लावलं असतं."

हसलो तिघेही. मेहुण्यांचं वय एकोणपन्नास. बेल्टखेरीज दुसरं काम कधी केलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

डोकं तापलेलंच आहे. सकाळी आरशालाही फाडफाड बोललो.

१९ फेब्रुवारी

नोंदणी कार्यालय. मेहुण्यांना बरोबर नेलं. कारकून सभ्य होता, तेच जास्त लागलं. "कुठल्याही एका वर्षाचा बारावा महिना जोडून दाखवा, काका. त्या महिन्यात आत होता, असा एक कागद. अठ्ठावीसपर्यंत."

एकवीस वर्षं कोळसा उपसणारा माणूस काचेपलीकडे उभा आहे, नखांतली काजळी अजून निघत नाही — ते चालत नाही! प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं संस्कृत पाठशाळेत घोकून घेतलं होतं आमच्याकडून. इथे प्रत्यक्षाला रांगेत उभं करतात आणि कागदाला खुर्ची देतात.

२१ फेब्रुवारी

सापडली वाट!

मेहुण्यांच्या हातावर भाजल्याची लांब खूण आहे. स्टोव्ह भडकला होता, असंच मी बारा वर्षं समजत होतो. आज धाकटीच्या तोंडून निसटलं — "कसला स्टोव्ह! बेल्टला आग लागली होती ना, तेव्हाची. पाइप धरून दोन तास उभे होते." कुठला महिना? "बिनपासाचाच."

आणि त्या आगीची बातमी आमच्याच पेपरात आली होती. मीच दिली होती!

मेहुण्यांना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "जाऊ द्या ना, दादा. कशाला जुनी धूळ उपसता?" मी भडकलो. म्हटलं, "तुमच्यासारख्या मुखदुर्बळांमुळेच या लोकांचं फावतं!" त्यांनी मान खाली घातली. धाकटी माझ्याकडे बघतच राहिली.

२४ फेब्रुवारी

जुन्या फाईली तळघरात आहेत. संपादक म्हणाले, "सध्या जरा सकारात्मक लिही रे." सौरप्रकल्पाची पानभर जाहिरात, आज चौथ्यांदा. आहेच सकारात्मक. खोकतोही सकारात्मक.

२६ फेब्रुवारी

मिळाली. पहिलं पान, तळाशी डावीकडे.

'आग केंद्राच्या अग्निशमन दलाने पंधरा मिनिटांत आटोक्यात आणली. या महिन्यात एकही कंत्राटी कामगार कामावर नव्हता, त्यामुळे कोणीही जखमी झाले नाही.'

वाक्यं माझी नाहीत. प्रियंवदाचीच आहेत, स्वल्पविरामासकट. मी तिकडे गेलोही नव्हतो. फोनवर विचारलं, पत्रक आलं, उतरवून काढलं.

नाव मात्र माझं.

२७ फेब्रुवारी

धाकटीकडे जाऊन सांगितलं. सांगताना संस्कृत काही मदतीला आलं नाही.

मेहुणे उठले. पत्र्याच्या पेटीतून तेच कात्रण काढून समोर ठेवलं. घड्यांवर पिवळं पडलेलं.

"तुमचं नाव पहिल्या पानावर पहिल्यांदा आलं होतं, दादा. ही सगळ्यांना दाखवत सुटली होती. मग म्हटलं, स्टोव्हच बरा."

उद्या शपथपत्र देणार — माझी बातमी खोटी होती, हा माणूस आत होता.

२८ फेब्रुवारी

कारकुनाने शपथपत्र परत केलं. "खोटं लिहिलं म्हणून स्वतःच कबूल करणाऱ्याची साक्ष कशी धरू, साहेब?" सोबत जोडलेलं कात्रण मात्र छापील पुरावा म्हणून ठेवून घेतलं. त्या महिन्यात आत होतो म्हणणाऱ्या आणखी एकेचाळीस जणांचे अर्ज आहेत. माझ्यासमोरच त्याने ते काढले आणि माझी बातमी सगळ्यांत वर टाचली.