भुलाबाईचा मुका डबा

माय,

सुरतेवरून सपनाचं पाया पडणं. आमी मजेत आहो. तुहे गुडघे कसे आहेत?

राखी वहिनीनं भुलाबाईच्या गाण्यांचा अन् खाऊ वळखाच्या खेळाचा व्हिडिओ पाठवला. खाऊचा डबा बाबाच्या दुपट्ट्यात गुंडाळेल होता, हालवला तरी पोरींले आतला खाऊ वळखू येऊ नये म्हणून. सारी गल्ली म्हणे तिच्या युक्तीचं कौतुक करून राह्यली!

मी आठवीत असताना हा दुपट्टा पयल्यांदा कोनं गुंडाळला होता? गल्ली तिचं कौतुक करे तवा तू माहं नाव काहून नाही सांगितलं?

मले राग नाही. पण बाबाचा दुपट्टा तिले कायले देला?

ती डबा हालवते तवा मी मोबाईल कानाले लावून पाह्यला. चारदा लावला. वळखू नाही आलं.

काय होतं वं त्यात? वहिनीले न सांगता कळवजो.

तुही,
सपना