हल्लीचे सिनेमे अंधारात काढतात

३ फेब्रुवारी
निवृत्त झालो. जन्मभर गोदामात पावत्या फाडल्या, आता जिवाची चैन. संकल्प: रोज एक सिनेमा, रोज पन्नास पानं. वेळापत्रक भिंतीवर लावलं. बायको म्हणाली, वाकडं लावलंय.

५ फेब्रुवारी
पहिला सिनेमा. हल्लीचे डायरेक्टर अंधारात शूटिंग करतात. विजेचं बिल वाचवत असतील. खुनी तर एकदम कुठून टपकला कळलंच नाही. बायकोचं म्हणणं, तो मघापासून दाराशी उभाच होता. हिला सगळं आधीच कळतं.

११ फेब्रुवारी
जाडजूड कादंबरी उघडली. छपाई भिकार. ओळ संपली की खालची सापडत नाही. एकच ओळ तीनदा वाचली. लेखकाकडेच फारसं काही सांगण्यासारखं नसावं. पान चार. उद्या भरपाई करणार.

१९ फेब्रुवारी
नडगी फुटली. टीपॉय कुणीतरी सरकवलाय. बायको म्हणते, लग्नापासून तिथंच आहे. वर डोळे दाखवा म्हणून टुमणं. चष्मा काय नवाच आहे. डॉक्टरकडे गेलं की काहीतरी निघतंच, म्हणून जाऊ नये.

२ मार्च
कादंबरी बंद. आठवणी लिहिणार. वडील मला सिनेमाला न्यायचे. जाता-येता माझ्या खांद्यावर हात. आत अंधारात कानाशी विचारायचे, आता कोण आलं रे? मला बोलायची सवय लागावी म्हणून. मी सगळं सांगायचो. असे बाप आता कुठे राहिलेत? लिहिताना ओळी एकमेकींवर चढल्या. पेन बदलायला हवं.

१७ मार्च, दुपार
नातीला, चिमणीला, स्कूटरवरून शाळेतून आणताना अपघात. ती मागं बसली होती, बडबड चालू होती तिची. डावीकडून हातगाडी आली. मी पडलो, ती पडली. तिचा हात मोडला. एवढंसं मनगट. गाडीवाला म्हणतो, गाडी उभीच होती. शुद्ध खोटारडा. मुलीनं दवाखान्यात माझ्याकडून स्कूटरची किल्ली मागून घेतली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१८ मार्च
सिनेमा नाही. हातगाडी उभी असती तर मला दिसली नसती का?

२४ मार्च
बायकोनं धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मशीनवर हनुवटी टेकायची, समोरच्या ठिपक्याकडं बघायचं, दिवा दिसला की बटण दाबायचं. माझा पेपर चांगला गेला. दिवे मात्र फार थोडे लागले. मशीन बिघडलं असावं, असं बाईंना सांगितलंही.

बाई म्हणाल्या, मशीन ठीक आहे. काचबिंदू. नजर कडेकडेनं गेलीय, दुखत नाही म्हणून कळलं नाही. गेलेली परत यायची नाही. थेंब घालून उरलेली राखायची.

घरात आणखी कुणाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, छे. आमच्या वडिलांची नजर घारीसारखी.

बायको हळूच म्हणाली, "मग मामंजी तुमच्या खांद्यावर हात ठेवून का चालायचे?"

बाई लिहायच्या थांबल्या. घरी येताना रिक्षात ती माझ्या हाताला धरून बसली.

२५ मार्च
वडिलांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

३० मार्च
थेंब चालू. फरक वाटतोय. आज दोन पानं वाचली, म्हणजे जवळजवळ वाचली. नव्या महिन्यापासून पुन्हा वेळापत्रक.

संध्याकाळी मुलगी आली, समोर बसली. बरेच दिवस मनात होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हटलं, चूक माझी, पोरीला सांग. तिला भेटायला आणत जा. एवढा राग धरू नकोस, निदान तिला तरी माझी भीती वाटू देऊ नकोस. मुलगी नुसती बघत राहिली. मला वाटलं, अजून नाहीच विरघळली.

मग माझ्या कोपराशी आवाज आला.

"आजोबा, मी कधीची इथंच उभी आहे."