अकलूजला गेलेला डबा

१० जानेवारी, शुक्र.
मेव्हण्याचा, संतोषचा फोन. रविवारी सईला घेऊन येतो म्हणाला. बायकोचं, रेखाचं विचारलं तर, "ताई हाय की बरी." एवढंच.
दसऱ्याच्या आधी आमचा पोरगा ओजस तापात गेला. दिवाळीत रेखा सईला घेऊन माहेरी अकलूजला गेली ती गेलीच. सईला शाळेतसुद्धा तिकडंच घातलं. जाताना म्हणाली, "भांडण न्हाय तुमच्याशी. पर हितं जीव घुसमटतो माझा." आता घराशी कोण भांडणार?
फोनवरच सईला विचारलं, काय खाणार? "फ्राइड राइस. आई करते तसला." झालं कल्याण! मला चहा सोडून काही येत नाही.

११ जाने., शनि.
तालीम केली. सगळा गिचका. रेखा होती तेव्हा घरात रोजची भाकरी, भात आमटीत कालवण्यापुरता, म्हणून डब्यात तांदूळ चिकट इंद्रायणी. तोच गरमागरम कढईत टाकला, वर सॉस. कारखान्यात सुताला लावतो ती खळ झाली नुसती.
शेजारच्या लक्ष्मीअक्का वासानं आल्या. बघून हसल्या. "अय्यो, कोलम आणा की! आज शिजवून, मोकळा करून फ्रीजात ठेवा, उद्या परता. शिळाच लागतो याला." हसता हसता डोळे पुसत गेल्या. लोकांनी माझ्यासमोर रडू नये. मग मला आवरत नाही.
कोलम आणला. गाजर, कोबी, कांदापात, मटार.

१२ जाने., रवि.
जमला! शीत न् शीत सुटं. जरा मिळमिळीत वाटला म्हणून वर शेंगाची चटणी भुरभुरली, सोलापूरचा माणूस दुसरं काय करणार.
सई म्हणाली, "बाबा, मस्त झालाय." पण बसली पाहुण्यासारखी. पाणी विचारून घेतलं. ताट स्वतः घासून पालथं घातलं. अगं, तुझंच घर आहे ना हे? 
निघताना, "आईला नेऊ?"  स्टीलचा डबा गच्च भरून दिला. संतोष म्हणाला, "दाजी, कशाला उगं..." तरी घेतला.

१५ जाने., बुध.
रेखाचा फोन नाही, मेसेज नाही. मीही केला नाही. भात आवडला का, एवढंच विचारायला फोन करायचा म्हणजे...
तिनं तो खाल्ला असेल तर ती परत येईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय. येडेपणा. कामावर एकावर उगाच खेकसलो.

१९ जाने., रवि.
सईबरोबर डबा आला. लख्ख घासलेला, रिकामा.
टाळकंच सटकलं. शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा धाडत नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. रेखा तर यात लई कडक. आणि मला रिकामा! म्हणजे मी परक्याहून परका.
सईवरच ओरडलो. "खाल्ला तरी का तिनं?"
पोर घाबरली. मग हळूच म्हणाली, "सगळा खाल्ला. पण आधी मटार वेचले. एकेक. वाटीत ठेवले. आजी म्हणाली, टाकून दे. आईनं वाटी झाकून ठेवली."
ओजस भाताला तोंड लावायचा नाही. नुसते मटार. रेखा आपल्या ताटातले वेचून त्याच्या ताटात लोटायची, मग स्वतः जेवायला लागायची. आणि मी शहाणा, मूठमूठ मटार घालून पाठवले. ध्यानातच आलं नाही. कसं आलं नाही?
सईला जवळ घेतलं. दोघं रडलो. बरं वाटलं असं नाही, पण रडलो.

२१ जाने., मंगळ.
संतोषला फोन केला. "रविवारी मीच येऊ का तिकडं? सईला कशाला हेलपाटा." तो म्हणाला, "ताईला इचारतो, दाजी." मागं कुकरची शिट्टी आणि रेखाचा आवाज. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला. काय म्हणाली ते समजलं नाही. "कळवतो," म्हणून त्यानं ठेवला.
अजून कळवलं नाही.
नको म्हणाली असती तर संतोषनं तिथल्या तिथं सांगितलं असतं. तो काही भीड ठेवणारा नाही. की या वेळी माझ्यासाठी ठेवली भीड...