रजेचं कारण : मुलीचा सांभाळ

८ मार्च १९९९
सुनंदाला नांदेडच्या गाडीत बसवून आलो. नर्सिंगचं ट्रेनिंग, दीड वर्ष. दोन वर्षं यादीत नाव अडकलं होतं, लागलं ते नेमकं आत्ता. होस्टेलमध्ये लेकरू चालत नाही. अशू साडेचार महिन्यांची. गाडी सुटताना सु.नं खिडकीतून नुसतं बोट दाखवलं. अशूचे पाय उघडे पडले होते दुपट्यातून.
मी तिला सांगितलंय, सगळं होईल.

१० मार्च
सकाळी नऊ ते एक घरमालकीण भाभी अशूला ठेवतात. एकनंतर त्यांची दुकानातली माणसं जेवायला येतात, मग जमत नाही. म्हणाल्या, पोरगी बसायला लागली, वरणभात खायला लागली की दिवसभर ठेवीन. म्हणजे अजून दोन महिने तरी.
आई तीर्थपुरीहून यायला तयार नाही. "सुनेला तू पाठवलंस. मंग तूच सांभाळ."
बाटल्या उकळणे, दुपटी धुणे, पावडर कालवणे. सात वाजता उठून पुरत नाही.

१५ मार्च
रजेचा अर्ज दिला, साठ दिवस. अर्जित रजा अडुसष्ट शिल्लक आहे, बारा वर्षांत घेतली कुठं? हेडक्लार्क देशमुखबाबूंनी तरी नियमाचं पुस्तक काढलं. माझ्यासमोर बोट फिरवत वाचलं. प्रसूती रजा, स्त्री कर्मचारी. पुढं पान उलटलं, परत मागं आले. "बापासाठी काही न्हाई हो ह्याच्यात. केंद्रवाल्यांना पंधरा दिवस देऊन राह्यले म्हणे आता. आपण केंद्रात न्हाई."
मग हळूच म्हणाले, कारणात मुलीचा सांभाळ लिहू नका. स्वतःला कावीळ झाली म्हणून सर्टिफिकेट आणा, बिलकुल अडचण येणार नाही.
मी मुलीचा सांभाळ असंच लिहिलं. का लिहिलं ते मलाही नीट सांगता येणार नाही.

१९ मार्च
साहेबांनी बोलावलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. टंचाई लागलीय, तालुक्यात हातपंप दुरुस्त करणारे तुम्ही दोघंच, जूनअखेरपर्यंत कुणालाच रजा नाही म्हणाले. ते बराबरच आहे. मग विचारलं, मुलीची आई कुठंय? शिकायला गेली म्हणालो.
"मग बोलवून घ्या की."
महिनाभर गैरहजर राहिली तर नाव कापतील, पुन्हा जागा मिळणार नाही, हे सांगायचं होतं. तोवर ते दुसऱ्या फाइलवर गेले होते. अर्जावर शेरा : कारण सयुक्तिक नाही.

२४ मार्च
आता असं चाललंय. सकाळचं गाव मी करतो, एकच्या आत जालन्यात परत. दुपारचं गाव शेखचाचा एकटे करतात. चाचा माझे मदतनीस, रिटायरला दोन वर्षं राहिलीत. पंपाचे पाईप एकट्याच्यानं निघत नाहीत, गावातली दोन माणसं धरून काढतात. ऑफिसच्या दैनंदिनीत मी दिवसभर कामावर. खोटं आहे, पण लिहितोय.
चाचांना म्हणालो, सापडलो तर तुम्हीपण सापडाल. ते म्हणाले, "मी चार लेकरं वाढवली म्हणतो, पण एकाचं तोंड पण धुतलं न्हाई. जाव जल्दी."

३ एप्रिल
सु.चं पत्र. छाती दाटून ताप आला होता. पहिले पंधरा दिवस बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून टाकत होती, आता आटत आलंय. एवढंच लिहून खाली वर्गात काय शिकवलं ते. शेवटी, अशू रडते का?
मी लिहिलं, रडत नाही, मजेत आहे. रोज संध्याकाळी दोन तास रडते.

१२ एप्रिल
भाभी परवा लग्नाला राजस्थानात गेल्या, उद्या येतील. आज काही इलाज नव्हता. अशूला बरोबर घेऊन गेलो, चाचा स्कूटर चालवत, मी मागं तिला धरून.
गावात पंप चार दिवसांपासून बंद. बाया दीड कोसावरून पाणी आणून राहिल्या होत्या. लिंबाखाली म्हाताऱ्यांपाशी अशूला ठेवलं. सगळे पाईप वर आले आणि तिनं सूर लावला. बाटली तोंडात घेईना, दूध उन्हानं नासलं होतं. दुसरं नाही. माझे हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. पंप अर्धा उघडा, तीसेक घागरी रांगेत, सगळ्या बाया माझ्याकडं बघताहेत.
एक पोरगेली बाई उठली, स्वतःचं लेकरू सासूकडं दिलं, अशूला उचललं आणि पाठ फिरवून पाजायला बसली. मला विचारलं नाही. अशू एकदम गप्प.
मी वॉशर बदलत राहिलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसता येईना. पाणी लागल्यावर ती बाई अशूला देऊन घागर भरायला गेली. नाव विचारायचं राहिलं.

१३ एप्रिल
सु.ला कालचं लिहायला बसलो. दोन ओळी लिहून फाडलं. तिचं दूध आटलं आणि मी हे कसं…

२० एप्रिल
कुणीतरी तक्रार केली. कारणे दाखवा नोटीस. "कामाच्या ठिकाणी लहान मूल आणून शासकीय कामात हयगय." पंप तर त्याच दिवशी चालू झाला. देशमुखबाबू म्हणाले, सात दिवसांत उत्तर द्या. अजूनही सर्टिफिकेट आणा म्हणतात, मागच्या तारखेचं मिळेल.
आता बारीकसारीक आवाजाला दचकतो. दारात सायकल थांबली तरी ऑफिसचा शिपाई वाटतो.

२४ एप्रिल
अशूला जुलाब. सकाळपासून अकरा वेळा. टाळू आत गेली. दवाखान्यात ॲडमिट.

२५ एप्रिल
सलाईन. शीर सापडेना, शेवटी डोक्याला लावली. नर्स म्हणाली, आईला आत पाठवा. मी म्हणालो मीच आहे. ती पुन्हा म्हणाली, आईला. मग थोडं ओरडून बोललो, नंतर माफी मागितली.
बाटली नीट उकळली होती की नाही? शुक्रवारी घाई होती. आठवतच नाही.
सु.ला फोन केला नाही. आली तर परत जाणार नाही ती. आणि खरं सांगायचं तर, आज दुपारी मला तिनं यावंच असं वाटत होतं. एसटीडी बूथपाशी जाऊन उभा राहिलो. नंबर लागायच्या आत रिसीव्हर ठेवला.

२७ एप्रिल
आई आली. कुणी सांगितलं कोण जाणे. अशूला मांडीवर घेऊन तीन तास बसली. मी खालीच झोपून गेलो. उठल्यावर म्हणाली, "तुझ्या बापानं तुला अंगाखांद्यावर घेतलेलं मला आठवत न्हाई." चांगलं म्हणाली की टोमणा, कळलं नाही. राहतेस का विचारलं, तरी संध्याकाळच्या गाडीनं गेली.

२९ एप्रिल
घरी. अशू हलकी झालीय, पण दूध घेते. ऑफिसात हजेरीपटावर चार दिवस विनापरवानगी गैरहजर. सेवेत खंड पडला तर बारा वर्षं पाण्यात.

४ मे
उत्तर दिलं, मुदत उलटून. मूल नेलं हे खरं. दैनंदिनीतल्या अर्ध्या दिवसाचंही खरं लिहिलं, फक्त चाचांचं नाव घेतलं नाही. खाली पुन्हा साठ दिवसांची रजा मागितली, कारण तेच. देशमुखबाबूंनी वाचून चष्मा काढला. "हे वर जिल्ह्याला पाठवावं लागंल. तिकडं काय म्हणतील, सांगता येत न्हाई." त्यांनी आवक नंबर टाकला.

९ मे
सु. आली, एका दिवसाच्या सुट्टीवर. आईनं पत्र पाठवलं होतं दवाखान्याचं.
अशूनं तिला ओळखलं नाही. घेतलं की रडे, माझ्याकडं झेप टाके. सु.नं तीनदा घेऊन पाहिलं, मग माझ्याजवळ देऊन भांडी घासायला बसली. घासलेलीच होती.
दुपारी सगळं सांगितलं. रजा, नोटीस, सलाईन. त्या बाईचंही सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, पोट भरलं होतं का अशूचं? हो म्हणालो.
"मला का न्हाई कळवलं दवाखान्याचं?"
"तू आली असतीस."
"मंग? यायचं न्हाई का मी?"


१० मे
सकाळची नांदेड गाडी. स्टँडवर सु.नं पिशवी खाली ठेवली ती उचलेना. म्हणाली, "तुमची नोकरी गेली तर माझं शिकून काय करायचं? तुम्ही एकदा थांब म्हणा, मी इथंच थांबते."
कंडक्टरनं दोनदा बेल मारली. अशू माझ्या खांद्यावर झोपलेली. साहेबांचं ते 'बोलवून घ्या' माझ्या तोंडाशी आलं होतं. मी पिशवी उचलून तिच्या हातात दिली.
गाडी अंबड चौफुलीकडं वळेपर्यंत बघत होतो. ती खिडकीशी दिसली नाही, पलीकडच्या बाजूला बसली असेल.
साडेदहाला ऑफिसात गेलो. जिल्ह्याहून काही आलेलं नाही.